मिरगापासून मिरगापर्यंतची जागा

रशीदभाई,

मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. आमच्या भातकुलीची म्हातारी माणसं तर गेलेल्याचं नाव घेतानासुद्धा आवाज खाली आणतात. मी आणणार नाही. तुमचा चाळिसावा अजून व्हायचा आहे आणि माझं डोकं तापलेलंच आहे. रडूसुद्धा येतं ते संतापाच्या मागून येतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "जोती, पयले पाणी पे, मंग बोल." पाणी पिऊनच बसले आहे. आता ऐका.

लोक मला येऊन सांगतात, बिचारे रशीदभाई, अटॅकच असा आला की दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. खरं आहे. पण दिवाळीनंतर तुम्हाला सर्व्हरच्या खोलीतून उठवून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं होतं, पाकिटांना तिकिटं चिकटवायला, आणि खरेदी संघाच्या सगळ्या तालुक्यांत तुमच्या नावानं एक गोष्ट फिरत होती. ती खोटी होती. हे मला माहीत होतं, तुम्हाला माहीत होतं, ज्यांनी ती सोडली त्यांनाही माहीत होतं. तुम्ही ती तशीच अंगावर घेऊन गेलात. राग त्याचा आहे.

तुम्ही अकोल्याचे आणि नोकरी अमरावतीत. मी अमरावतीकडची आणि नोकरी अकोल्यात. संघानं आपली वाटणीच उलटी केली होती. सकाळी तुमची गाडी मूर्तिजापूरला थांबलेली असायची तेव्हा समोरून माझी यायची. कधी एखादी डिस्क इकडची तिकडे द्यायची असली की तुम्ही फलाटावर उभे, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात आलुबोंड्याचा कागद. डिस्क माझ्या हातात देण्याआधी आलुबोंडा द्यायचे. "तेलकट हातानं डिस्क धरू नको," हेही वर तुम्हीच सांगायचे. आता ती गाडी मूर्तिजापूरला थांबली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे तोंड करून बसते.

आपलं काम काय हे आपल्या घरच्यांनाही कधी धड कळलं नाही. माझी आई अजून सगळ्यांना सांगते, पोरगी कॉम्प्युटर दुरुस्त करते. तुम्ही मला पहिल्या दिवशी जे सांगितलं तेच मी पुढं सगळ्यांना सांगत आले. एक मोठी लोखंडी पेटी, तिच्यात पाच-सात बिऱ्हाडं. एका बिऱ्हाडात तुरीची नोंदणी, एकात काट्यावरची वजनं, एकात शेतकऱ्यांना जाणारे मेसेज. बिऱ्हाडकरूंना वाटतं आपलं घर स्वतंत्र आहे. पेटीला माहीत असतं की सगळे एकाच चुलीवर आहेत. आणि ती पेटी, म्हणजे होस्ट, दिवसभर स्वतःशी बोलत असते. कोण आलं, कोण गेलं, कुठं काय दुखलं. ते बोलणं म्हणजे लॉग. "हे बोलणं कुठं ठेवाचं अन् किती दिवस ठेवाचं, येवढं जरी नीट जमलं तरी अर्धी नोकरी जमली," असं तुम्ही म्हणायचे. मला तेव्हा हसू आलं होतं. लॉग काय, कोणी वाचतं तरी का?

तुम्ही तुमच्या अब्बांचं उदाहरण दिलंत. अकोल्यात त्यांचं टिनाच्या कोठ्यांचं दुकान. गिऱ्हाईक आलं की अब्बा आधी पत्र्याला हात लावत नसत, विचारत बसत. घरात खाणारे किती, ज्वारी किती होते, पावणे किती येतात, नवी ज्वारी घरात येईपर्यंत जुनी पुरवायची आहे की नाही. मग माप सांगत. कोठीत वरून भरायचं आणि खालच्या तोंडातून काढायचं, म्हणजे जुनं आधी निघतं. लॉगचंही तेच, तुम्ही म्हणालात. नवं वरून येत राहतं, जागा संपली की जुनं खालून जातं. म्हणून कोठी लहान झाली तर जे हवं ते नेमकं निघून गेलेलं असतं.

मग तुम्ही खरोखर अब्बांसारखेच बसलात विचारत. अमरावतीच्या दोन्ही पेट्या एका आठवड्यात किती बोलतात ते मोजलंत. नोंदणीच्या हंगामात किती बोलतात ते वेगळं मोजलंत. एखादी केबल सैल झाली की पेटी तेच ते वाक्य दिवसभर बडबडते आणि त्या बडबडीनं कामाचं बोलणं बाहेर ढकललं जातं, म्हणून त्यासाठी वेगळी जागा धरलीत. लॉग पेटीतच ठेवायचा नाही हे ठरवलंत, कारण आपल्या पेट्या लॉग मेमरीत ठेवायच्या आणि करंट गेला की सगळं विसरायच्या, आणि आपल्या भागात करंट जाणार नाही असा दिवस कोणता. म्हणून अमरावतीचा लॉग त्याच क्षणी अकोल्याला जायचा आणि अकोल्याचा अमरावतीला. अमरावतीच्या लॉगची किल्ली माझ्याकडे, माझ्या लॉगची तुमच्याकडे. "आपलं बोलणं आपल्या हातात ठेवाचं नाही. मंग कोणी म्हनू शकत नाही का यानंच बदललं."

राहिला प्रश्न किती दिवसांचा. बाकीच्यांनी मशीनच्या कंपनीच्या पुस्तकातला आकडा टाकला असता. तुम्ही कागदावर लिहिलंत: मिरगापासून मिरगापर्यंत. मी म्हटलं, रशीदभाई, साहेब हे वाचून हसतील. तर तुम्ही म्हणालात, "हसू दे. शेतकरी भांडाले कवा येते? काम चालू असतानी येते का? पेरणीत येत नाही, निंदणात येत नाही, सोंगणीत येत नाही. हात मोकळे झाले का मंग येते, अन् तवा इचारते, त्या दिवशी माह्या नंबरचं काय झालं होतं. त्याले सांगता आलं पायजे." एक पूर्ण वर्ष. शेतीच्या वर्षाइतकं. लॉगसाठी इतका शहाणा हिशोब मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

साहेब हसलेच. वर्षभराची जागा मागितली तर त्यांनी तीन महिन्यांची मंजूर केली. "कंपनीचा माणूस म्हणतो तीन महिने पुष्कळ झाले. तुम्ही काय रशीदभाई, मशीनचं रामायण लिहून ठेवता का?" तुम्ही परत आलात आणि तीन महिन्यांच्या मापानं सगळं पुन्हा बसवलंत. मी तेव्हाही चिडले होते. तुम्ही म्हणालात, भांडून जागा वाढत नाही, वाट पाहू. वाट पाहण्याची तुमची ही खोड मला कधीच सोसली नाही.

आणि मग ते तुरीचं साल आलं. तूर अमाप पिकली, बाजारात भाव बसला, आणि अख्खा जिल्हा हमीभावाच्या नोंदणीसाठी आपल्या दारात येऊन उभा राहिला. नांदगाव खंडेश्वरपासून धारणीपर्यंतची माणसं, डोक्यावर दुपट्टे, हातात सातबारा, मे महिन्याचं ऊन. नोंदणीचा शेवटचा दिवस शुक्रवार होता. दुपारी लोडशेडिंग सुरू झालं आणि त्याच क्षणी अमरावतीच्या दोन्ही पेट्या एकदम बंद पडल्या. यूपीएस असताना बंद पडल्या. पुन्हा उठल्या तेव्हा सकाळपासूनच्या नोंदी नव्हत्या. वरून मुदत वाढली नाही, आणि त्या दिवशीच्या रांगेतल्या लोकांनी तूर व्यापाऱ्याला मिळेल त्या भावानं घातली.

तुमचा फोन मला पाच मिनिटांत आला होता. आवाज अगदी शांत. "जोती, पाय बरं, दोन्ही पेट्यायचा शेवटचा शब्द काय हाय." मी पाहिलं. माणसानं मशीन बंद केली की लॉगमध्ये हुकूम दिसतो, कोणी दिला ते नाव दिसतं, मग एकेक बिऱ्हाड दिवा मालवत जातं. इथं तसं काहीच नव्हतं. पेटी कुणा बाईची नोंद घेता घेता बोलता बोलता थांबली होती. दुसरीही तशीच. मी वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "बस. कोनी बंद नाही केली. करंटच गेला." आणि फोन ठेवून तुम्ही वायर शोधत निघालात. ती वायर भिंतीतल्या भोकातून शेजारच्या केबिनमध्ये गेली होती. साहेबांचा कूलर. लोडशेडिंगमध्येही वारा यावा म्हणून कोणी तरी तो सर्व्हरच्या यूपीएसला जोडून दिला होता. मेन लाइन गेली, सगळा भार यूपीएसवर आला, कूलरची मोटर त्याला झेपली नाही.

तुम्ही साहेबांना तोंडावर सांगितलंत. साहेब म्हणाले, कूलरनं कुठं सर्व्हर बंद पडतो का. दुसऱ्या दिवशी कूलर यूपीएसवरून निघाला, भोक सिमेंटनं बुजलं. आणि तिसऱ्या दिवशी रांगेतल्या लोकांच्या कानावर ती गोष्ट घातली गेली. शुक्रवार होता ना, मशीन बंद करून नमाजेले गेला.

खरं तर तुम्ही त्या शुक्रवारी गेलाच नव्हता. शेवटचा दिवस म्हणून खुर्चीवरून उठला नव्हता, डबासुद्धा उघडला नव्हता. हे मला नसीमभाभींनी सांगितलं, घरी परत आलेला भरलेला डबा त्यांनीच पाहिला होता. मी मूर्तिजापूरच्या फलाटावर तुम्हाला अक्षरशः धरलं. म्हटलं, सांगा ना सगळ्यांना, गेलोच नव्हतो म्हणून. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत ते मला आवडलं नव्हतं, कारण त्यात थोडी दया होती.

"अन् गेलो असतो तं?" तुम्ही म्हणालात. "गेलो असतो तरी मशीन चालूच रायली असती. मी गेलो नव्हतो म्हून सांगतलं, तं जाणं गुन्हा होता असं मीच कबूल केलं. थे मी कावून करू?"

पण त्या वेळी मला वाटलं आणि आजही वाटतं की हा मान फार महागाचा होता, रशीदभाई, आणि त्या रांगेतल्या माणसांना तुमचं हे बारीक तत्त्व कळणार नव्हतं. त्यांना एवढंच कळलं की त्यांची तूर मातीमोल गेली आणि त्याला तुम्ही कारण.

आता मुख्य भांडण. लॉग माझ्याकडे अकोल्याला होता. तीन महिन्यांनी तो फिरून जाणार होता, म्हणजे कोठीतल्या जुन्या ज्वारीसारखा खालून निघून जाणार होता. मला फक्त एक कळ दाबून त्या दिवसाची प्रत बाजूला काढायची होती. तुम्ही नाही म्हणालात. आपला नियमच होता, लेखी आदेशाशिवाय कोणी कुणाच्या लॉगला हात लावायचा नाही, आणि नियम तुम्हीच केलेला. "आपल्यासाठी फिरणं थांबवलं तं उद्या कोनीबी आपल्यासाठी थांबवन." तुम्ही साहेबांना पत्र दिलंत की चौकशी लावायची तर आता लावा, निदान अकोल्याला आदेश द्या. पत्राला उत्तर नाही. दुसरं दिलंत. मीही फोन केला. साहेब म्हणाले, "पाहू." हा 'पाहू' आपल्याकडे कसा म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. माणूस आयुष्यभर दारात उभा राहतो आणि आतला पाहतच असतो.

पोळ्याच्या सुमारास ते दिवस गेले. मी स्क्रीनसमोर बसले होते. बाहेर बैलांना सजवून नेत होते, घुंगरांचा आवाज येत होता. काहीच घडलं नाही दिसायला. सर्वांत जुनी फाइल होती ती नव्हती झाली. मी तुम्हाला फोन करून सांगितलं, गेला तो दिवस. तुम्ही म्हणालात, "बरं." बरं! त्या एका शब्दावर मी तुमच्याशी पंधरवडाभर बोलले नाही. तुम्ही रोज मूर्तिजापूरला खिडकीतून हात हलवत होता आणि मी पाहून न पाहिल्यासारखं करत होते.

चौकशी आली दिवाळीनंतर. सोयाबीन निघालं होतं, लोकांचे हात मोकळे झाले होते, तक्रारी वर गेल्या होत्या. नेमकं तुम्ही सांगितलं होतं तसंच आणि तेव्हाच. समितीनं लॉग मागितला. साहेबांनी सांगितलं, लॉग उपलब्ध नाही, त्याचं नियोजन रशीद यांच्याकडेच होतं. अहवालात एक ओळ आली, संबंधिताच्या निष्काळजीपणामुळे. मला समितीनं बोलावलंच नाही. मी जाते म्हटलं तर तुम्ही पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवलात. "तू यात पडू नको. कागद येईन तवा बोल." मला वाटलं, अहंकार. रशीदभाईंना कुणा बाईमाणसाची साक्ष नको असेल. असंही वाटलं की माणूस थकला, आणि थकलेल्या माणसाला भांडण लावून द्यायला आपण कोण.

तुम्ही गेलात त्या दुपारी पुरुष कबरस्तानाकडे निघाले आणि मी आत नसीमभाभींजवळ बसले. त्या रडत नव्हत्या, तुमचा चष्मा पुसत होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, भाभी, मी बोलले असते तर बरं झालं असतं, त्यांनीच नको म्हटलं. भाभी म्हणाल्या, "वो तो बोलते थे ना, ज्योती की नौकरी कच्ची है. उसका नाम इसमें नई आना. पक्की हो जान दो, फिर देखेंगे."

कच्ची म्हणजे कंत्राटी. दर वर्षी साहेबांच्या सहीनं वाढणारी. म्हणजे तत्त्व होतं, नियम होता, तेही खरं असेल. पण खालचा तळ हा होता. मला वाचवत होता तुम्ही. मला! आणि मी पंधरवडाभर तोंड फिरवून बसले होते, तरी सांगितलं नाहीत. त्या क्षणी माझ्या मनात तुमच्याबद्दल जेवढी माया आली तेवढी सख्ख्या भावाबद्दल आली नव्हती, आणि लगेच तिच्या दुप्पट संताप आला. कोणी सांगितलं होतं तुम्हाला? माझी नोकरी, माझं पोट, माझा जीव. त्याचं माप तुम्ही एकट्यानं बसून घेतलंत. कोठी करायच्या आधी अब्बा गिऱ्हाइकाला विचारत होते ना?

परवा अमरावतीला शोकसभा झाली. तुमच्या फोटोला हार घातला. घालायचा की नाही हे भाभींना विचारायचं कोणाला सुचलं नाही. साहेब बोलले. रशीदभाई म्हणजे संघाचा आधार, रात्र म्हटली नाही दिवस म्हटला नाही, वगैरे. आणि मग म्हणाले, "माणूस म्हटला की चूक होते. पण गेलेल्या माणसाची चूक आपण पोटात घातली पाहिजे."

मी उठले.

"साहेब, चूक कोणती थे सांगा."

साहेब म्हणाले, "बाई, ही वेळ नाही."

"मी अकोल्याची ज्योती. त्या दिवशी दोन्ही मशीनचा लॉग मीच वाचला होता. बंद कराचा हुकूम कोनीच देल्ला नव्हता. करंट गेला, अन् यूपीएसवर तुमचा कूलर होता. रशीदभाई जाग्यावरच होते. अन् नमाजेले गेले असते, तरी मशीन कूलरनंच बंद पडली असती."

साहेबांनी घसा साफ केला. "लॉग आहे का तुमच्याकडे?"

"नाही. तुमी आदेश देल्ला नाही म्हून तो फिरून गेला. पण वाचणारी हाये अजून."

साहेब मग वानखडेबाबूंकडे वळले. वानखडेबाबू म्हणजे आवक-जावकवर तुमच्या समोर बसायचे ते. सभेचं इतिवृत्त तेच लिहीत होते. साहेब म्हणाले, "वानखडे, हे लिहायची गरज नाही. शोकसभा आहे."

वानखडेबाबूंनी मान वर केली नाही. म्हणाले, "साहेब, लिवून झालं."

मग मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणालं, वाचून दाखवा. आणि वानखडेबाबूंनी उभं राहून, सावकाश, कूलरसकट सगळं वाचून दाखवलं. कोणीच हरकत घेतली नाही. साहेबांनीही नाही. इतकं सोपं होतं ते, रशीदभाई.

माझ्या कंत्राटाची मुदत पुढच्या महिन्यात संपते. वाढणार नाही हे मला दिसतंच आहे. आई विचारते, आता काय करशील. काहीतरी करीन, रिकामी बसणारी मी नाही. उठताना मला माहीत होतं काय जाणार आहे, आणि ते जाऊ द्यायचं मी ठरवलं. हेच मी समितीसमोर केलं असतं. तुम्ही समोर बसलेले असता आणि वानखडेबाबूंनी वाचलेलं तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलं असतं. नोकरी तेव्हाही जायची ती आताही जाईल. तुम्ही मात्र ऐकायला उरला नाहीत. तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं, रशीदभाई. मी हो म्हटलं असतं.